उभ्या गाडीशेजारून जाताना वेग कमी करा, एक लेन सोडा

क्रेनवाला शिरोली

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी फक्त वाचतो. आज लिहायला बसलोय, कारण परवा रात्री माझ्या हेल्परची चप्पल मी हायवेवरून शोधून आणली आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

माझी ब्रेकडाऊनची क्रेन आहे. पुणे–बेंगळुरू हायवेवर, कोल्हापूरच्या आसपास, किणी टोलनाक्यापासून कागलपर्यंत कुठंही गाडी बंद पडली की आम्हाला फोन येतो. चौदा वर्षं हेच काम करतोय. परवा लक्ष्मी टेकडीच्या अलीकडं एका कारचा एक्सल गेला होता. रात्रीचे साडेअकरा, परतीच्या पावसाची रिपरिप चालू. कारवाल्यानं गाडी डावीकडं घेतली होती, पण मागचं उजवं चाक पांढऱ्या पट्टीवरच राहिलं होतं. कारचे चारी इंडिकेटर चालू, क्रेनचा पिवळा दिवा फिरतोय, मागं त्रिकोण ठेवलेला. पोरगं पाठीवर झोपून गाडीखाली चेन अडकवत होतं. गुडघ्यापासून खालचे पाय बाहेर.

मागून एक टेम्पो आला. लांबूनच हॉर्न वाजवत आला. वेग कमी केला नाही आणि बाजूलाही झाला नाही. आधी त्रिकोण फुटल्याचा आवाज आला, मग वाऱ्याचा असा झोत की माझा रेनकोट तोंडावर आला. पोरानं पाय आत घेतले की मी त्याला ढकललं, दोघांनाही सांगता येत नाही. चप्पल पुढं पन्नास-साठ फुटांवर मिळाली. रबरी चप्पल, पट्टा तुटलेला, टाचेवर टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली.

त्या वेळी उजवीकडची लेन पूर्ण मोकळी होती. हेच मला सगळ्यात जास्त लागलंय. एक स्टिअरिंग हलवायचं काम होतं.

सायरन वाजवत येणाऱ्या अँब्युलन्सला वाट द्यायची, हे आता बऱ्याच जणांना कळतं. पण तीच अँब्युलन्स रस्त्याकडेला उभी राहिली की? क्रेन, पोलिसांची गाडी, पंक्चर काढत बसलेला ट्रकवाला, यांच्या शेजारून कसं जायचं याचा आपल्याकडं काही नियम आहे का? आणि तुम्ही स्वतः काय करता?

तांबडा पांढरा

दादा, वाचून अंगावर काटा आला. पोरगं सुखरूप आहे ना?

खरं सांगतो, मी आजवर हॉर्न देतच पुढं जायचो. वाटायचं, त्याला सावध केलं, आपलं काम झालं.

क्रेनवाला शिरोली

पोरगं बरं आहे, पण दोन दिवस कामावर आलेलं नाही. त्याची आई पाठवायला तयार नाही आणि मी तिला काय सांगू?

हॉर्नचं म्हणाल तर ऐका. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर पुढं येते. चाकाशी बसलेल्या माणसाला नुसतं उठायलाच दोन सेकंद लागतात, तोवर तुमची गाडी ४४ मीटर आत आलेली असते. शिवाय हॉर्न ऐकला की माणूस मागं वळून बघतो आणि वळताना त्याचं अंग रस्त्याच्या बाजूलाच येतं. हॉर्न दिला तरी चालेल, पण पाय आधी ब्रेकवर जाऊ दे.

वकील ताराबाई पार्क

नियमाबद्दल विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली जी मोठी दुरुस्ती झाली, तिच्यातून कलम १९४ ई आलं. अग्निशमन दलाची गाडी, अँब्युलन्स किंवा राज्य सरकारनं ठरवलेलं इतर तातडीचं वाहन येत असताना जो चालक आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आता यातला 'येत असताना' हा शब्द नीट बघा. कलम धावत येणाऱ्या वाहनाबद्दल बोलतं. तेच वाहन थांबलं, दारं उघडली, माणसं खाली उतरली की या कलमाचे शब्द तिथं पोचत नाहीत. क्रेनचं आणि बंद पडलेल्या ट्रकचं तर त्यात नावच नाही.

म्हणून काही कायदाच नाही असं मात्र नव्हे. कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे. गाडी धोकादायक रीतीनं चालवली का, हे ठरवताना ती जागा कशी आहे, तिचा वापर कशासाठी होतो, त्या वेळी तिथं वाहतूक किती होती किंवा किती असेल असं धरून चालायला हवं होतं, हे सगळं बघायचं असं ते कलमच सांगतं. पिवळा दिवा फिरतोय, माणूस गाडीखाली आहे आणि तुम्ही त्याच वेगात हातभर अंतरावरून गेलात, तर ते याच कलमात बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. माणसाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

पण अडचण अशी की हे सगळं काहीतरी घडल्यानंतर लागतं. 'उभं तातडीचं वाहन दिसलं की वेग उतरवा आणि एक लेन सोडा' एवढं साधं, लायसन्सच्या परीक्षेत विचारता येईल असं स्वतंत्र कलम आपल्याकडं नाही. ते हवं.

पंचगंगेकाठचा, सध्या परदेशी

मी राजारामपुरीचा, नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. इकडं अगदी याच गोष्टीचा कायदा आहे. त्याला 'मूव्ह ओव्हर' म्हणतात, म्हणजे सरका. दक्षिण कॅरोलायना राज्यानं तो १९९६ मध्ये केला. त्याआधी तिथं अपघातस्थळी रुग्णाला मदत करणाऱ्या अँब्युलन्सवरच्या एका कर्मचाऱ्यालाच गाडीनं उडवलं होतं, त्यावरून हे सुरू झालं. पुढं एकेक राज्य येत गेलं आणि २०१२ मध्ये हवाईनं केल्यावर पन्नासही राज्यं पूर्ण झाली.

तपशील राज्याराज्यात वेगळे, पण गाभा सगळीकडं तोच. रस्त्याकडेला दिवे चमकवत पोलीस, अँब्युलन्स, अग्निशमन किंवा टोइंगची गाडी उभी असेल तर तिच्या लगतची लेन सोडा. लेन सोडणं सुरक्षित नसेल तर वेग उतरवा. उतरवा म्हणजे किती, हेही काही राज्यांनी लिहून ठेवलंय. फ्लोरिडात अशा वेळी मर्यादेपेक्षा ताशी २० मैल कमी, म्हणजे आपले साधारण ३२ किलोमीटर. आणि त्याच राज्यानं १ जानेवारी २०२४ पासून साध्या बंद पडलेल्या गाड्याही यात घेतल्या. इंडिकेटर लावून उभी असलेली कोणाचीही कार असो, तिलाही तोच मान.

माझ्या लायसन्सच्या लेखी परीक्षेत यावर प्रश्न होता. तो चुकू नये म्हणून पाठ केला आणि मग हाताला सवय लागली. गावाकडं आलो की हायवेवर हात आपोआप तसाच वळतो. फक्त एक फरक. इकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून बंद गाडी उजव्या कडेला आणि आम्ही सरकतो डावीकडं. आपल्याकडं बरोबर उलटं.

उद्यमनगर

सगळं पटतंय, पण प्रत्यक्षात काय होतं तेही बोलूया. मी रोज उद्यमनगर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी असा जातो. मी एकदम वेग कमी केला तर मागचा डंपर माझ्यावर चढेल. उजवीकडं सरकावं तर तिथून मोटारसायकल घुसलेली असते. सहापदरीकरणाचं काम चालू असल्यानं कुठं तीन लेन आहेत, कुठं दीड. तिकडचा नियम तिकडच्या रस्त्याला ठीक आहे.

आणि उभ्या गाड्यांचंही बघा की. लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, थेट लेनमध्ये ट्रॉली सोडून माणूस चहाला गेलेला. आम्ही सरकायचं कुणासाठी? ती गाडी दिसली तर ना!

रात्रपाळी १०८

उद्यमनगर, तुमचा डंपरचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच 'एकदम' हा शब्द काढून टाका. दिवा लांबून दिसतो. दिसल्याबरोबर आरसा बघायचा, अॅक्सिलेटरवरचा पाय उचलायचा, ब्रेकला दोनदा हलका पाय लावायचा म्हणजे मागच्याला लाल दिवा दिसतो, मग इंडिकेटर देऊन सरकायचं. जागा नसेल तर आहे त्या लेनमध्ये राहून हळू जायचं. मी स्वतः अँब्युलन्सवर असतो, आमच्याकडं चालकाला पायलट म्हणतात. वाट देणारे आणि न देणारे दोन्ही बघतो.

थांबलेल्या अँब्युलन्सशेजारी काय चालतं ते सांगतो, म्हणजे अंतर का सोडायचं ते कळेल. पेशंट मागच्या दारातून चढतो. स्ट्रेचर पूर्ण बाहेर यायला आणि त्याभोवती दोन माणसं फिरायला दारामागं तीन-चार मीटर मोकळे लागतात. डॉक्टर खाली वाकून मान आणि पाठ सरळ धरत असतात, त्यांचं लक्ष रस्त्याकडं नसतं आणि नसायलाच पाहिजे. नातेवाईक रडत कुठूनही धावतात. गेल्या पावसाळ्यात केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर दुचाकीचा अपघात झाला होता. डॉक्टर पेशंटच्या हाताला सलाईन लावत होते आणि मी छत्री धरून उभा होतो. शेजारून गेलेल्या गाडीनं डबक्यातलं चिखलाचं पाणी थेट पेशंटच्या उघड्या जखमेवर उडवलं. पुन्हा सगळं धुवावं लागलं. दहा मिनिटं गेली.

अजून एक. जागा असेल तर आम्ही गाडी अपघाताच्या अलीकडं, जरा तिरकी लावतो. लोक शिव्या देतात, "रस्ता अडवलाय बघा." अडवलेला नसतो. मागून कुणी येऊन धडकलंच तर आधी आमची गाडी लागावी, खाली बसलेली माणसं नाही, म्हणून ती भिंत असते.

रात्री मात्र लाल-निळ्या दिव्याकडं बघत बसू नका. माणूस जिकडं बघतो तिकडंच त्याचा हात गाडी नेतो. नजर मोकळ्या लेनवर ठेवा, म्हणजे गाडी तिकडंच जाईल.

तांबडा पांढरा

आणि बघायला थांबणाऱ्यांचं काय? पलीकडच्या बाजूला सुद्धा गाड्या थांबतात, मोबाइल बाहेर येतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा बोटी घेऊन आलेल्या गाड्या वाट काढत होत्या आणि कडेला लोक फोटो काढत उभे. मी तेव्हा तिथंच होतो, फार वाईट वाटलं होतं.

वकील ताराबाई पार्क

बघायला थांबू नका, पण मदतीला जरूर थांबा. इथं मला लोकांची भीती घालवायची आहे. कलम १३४ ए, हेही २०१९ चंच. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. मदत करायची असेल तर गाडी अपघाताच्या बरीच पुढं नेऊन डावीकडं उतरवा, मग चालत मागं या. ११२ किंवा १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही आहे.

ऊसकरी कागल

उद्यमनगरभाऊंनी ट्रॉलीचं काढलं ते बरं झालं. मी ट्रॅक्टर चालवतोय, ऊस वाहतुकीला. राग येत न्हाई, कारण खरं हाय ते.

हंगामात डबल ट्रॉली भरून रात्री निघायचं. ऊस मागनं दोन-दोन हात बाहेर लोंबतोय, त्यामागं ट्रॉलीचा लाइट असला तरी दिसत न्हाई. कारखाना सुरवातीला रिफ्लेक्टर लावतोय, पण चार खेपा झाल्या की चिखलानं झाकला जातोय न्हाईतर वाड्यासंगं, म्हंजे उसाच्या शेंड्यासंगं, निघून जातोय. पंक्चर झाली की ट्रॉली हालवता येत न्हाई. चौदा-पंधरा टन माल, जॅक घेतच न्हाई. मग तिथंच ठेवायची आन् दुसरं चाक आणायला गावात जायचं. माणूस चहाला जात न्हाई भाऊ, चाक आणायला जातोय. पण ट्रॉलीपशी कुणीतरी बॅटरी घिऊन उभा पायजे, ते आमचं चुकतंय. मान्य.

आमच्या शेजारच्या गल्लीतला एक पोरगा अशाच उभ्या ट्रॉलीला मागनं धडकला, मोटारसायकलवर. चार वर्षं झाली. लाइट न्हवता. ट्रॉली आमची न्हवती, पण त्या घरावरनं जाताना मी अजून मान वर करत न्हाई.

उद्यमनगर

दादा, माझ्या बोलण्यात कडवटपणा होता, माफ करा. चाक आणायला जातात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वकील ताराबाई पार्क

ऊसकरी दादा, कायदा दोन्ही बाजूंना बांधतो. कलम १२२ नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण त्रास होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागेत उभं ठेवता येत नाही. बंद पडली हे कारण असू शकतं, पण उघड्या रस्त्यावर विनाखूण सोडली हे कारण होत नाही. तुम्ही स्वतःहून मान्य केलंत, याचा मला मनापासून आदर वाटतो.

लाल परीचा चालक

पंचवीस वर्षं एसटीत आहे. सगळे हायवेचं बोलताय, मी दुपदरी रस्त्याचं सांगतो. गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट. इथं सोडायला दुसरी लेनच नाही, समोरून वाहन येतं. उभी गाडी दिसली की पहिला प्रश्न हा की समोरचा रस्ता किती दिसतोय. वळणावर गाडी उभी असेल तर मी तिच्या मागं सरळ थांबतो. कंडक्टर किंवा तिथला कुणी पुढं जाऊन हात दाखवतो, मगच काढतो. प्रवासी ओरडतात, ओरडू देत. घाटात धुकं असलं तर खिडकीची काच खाली करून कान देतो, वर येणाऱ्या ट्रकचा आवाज आधी ऐकू येतो.

एक विनंती. थांब्यावर उभ्या एसटीशेजारून जाताना तिच्या पुढच्या बंपरकडं लक्ष ठेवा. उतरलेली म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं गाडीपुढून रस्ता ओलांडतात. मला वरून ती दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत, आणि मी काचेतून हात करून थांबवलं तरी तुमचं लक्ष तिकडं नसतं. गेल्या महिन्यात बालिंग्याला एक मुलगी दप्तर सावरत माझ्यापुढून निघाली आणि शेजारून मोटारसायकल सुसाट गेली. दप्तराला हँडल घासलं. मुलीला कळलंही नाही. मी पाच मिनिटं गाडी हलवू शकलो नाही.

क्रेनवाला शिरोली

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

बंद पडणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवाचं सांगतो. गाडी चालतीय तोवर डावीकडं जितकी बाहेर जाईल तितकी काढा, रिम खराब झाली तरी चालेल. चारी इंडिकेटर लावा. माणसं डाव्या दारानं उतरवा आणि गाडीत किंवा गाडीच्या मागं उभी करू नका, रेलिंगच्या पलीकडं न्या. त्रिकोण गाडीला चिकटून ठेवला तर त्याचा उपयोग नाही. हायवेवर मी मागं शंभर पावलं मोजून ठेवतो. परवा आम्ही तीसच पावलांवर ठेवला होता, पाऊस होता म्हणून कंटाळा केला. ती चूक माझी. पूल किंवा चढाच्या पलीकडं गाडी असेल तर त्रिकोण चढाच्या अलीकडं पाहिजे, नाहीतर वर येईपर्यंत कुणाला दिसतच नाही.

ट्रकवाले फांद्या आणि दगड ठेवतात. फांद्या ठीक. दगड ठेवले तर जाताना उचला. बंद ट्रक निघून गेल्यावर तसेच पडलेले दगड मी कितीदा तरी गोळा केलेत, मोटारसायकलवाल्याला रात्री त्यातला एक पुरतो.

आणि अजून एक जागा, जी कुणी बोललं नाही. डिव्हायडरमधल्या कण्हेरीला पाणी घालणारा टँकर. तो उजव्या लेनमध्ये उभा असतो, भर दुपारी, आणि पाइप धरलेला माणूस टँकरच्या मागं किंवा शेजारी चालत असतो. तिथं डावीकडं सरकायचं. लोक डाव्या कडेला लक्ष ठेवून असतात आणि हा एकदम समोर येतो.

पंचगंगेकाठचा, सध्या परदेशी

पोरगं परत आलं की त्याला चमकणारं जॅकेट आणि बूट माझ्याकडून. कृपया नाही म्हणू नका. मापाचा नंबर कळवा.

क्रेनवाला शिरोली

नाही म्हणत नाही. आठ नंबर. त्याच्या आईलाही सांगतो.

आणि आता मी क्रेन बंद गाडीच्या मागं तिरकी लावूनच पोराला खाली घालणार, १०८ वाल्या दादांनी सांगितलं तसं. हुकाला उलटं पडतं, चेन लांब लागते, वेळ जास्त जातो. जाऊ दे.

ऊसकरी कागल

हंगाम तोंडावर आलाय. आमच्या गावात ट्रॅक्टरवाले अकरा जण हाईत. चमकणारी पट्टी मागवावी म्हणतोय, समद्यांची एकदम. कुठल्या रंगाची कुठं लावायची?

क्रेनवाला शिरोली

मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. मागची ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीला लावा, म्हणजे अंधारात रुंदी कळते. नुसती मागच्या फाळक्यावर लावून भागणार नाही, लोंबणारा ऊस ती झाकतो. एक पट्टी खाली, चाकांच्या उंचीला, पत्र्यावर घ्या. चिकटवण्याआधी पत्रा घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या, ओल्यावर लावली की पहिल्याच खेपेत सुटते. दर खेपेला काट्यावर वजनाला थांबता तेव्हा ओल्या फडक्यानं पुसा.

ऊसकरी कागल

अकरा ट्रॅक्टर म्हंजे बावीस ट्रॉल्या. आज रात्री समद्यांच्या रुंद्या मोजून घेतो.